संभाव्यतेचा निकष आणि साहसकथा : मार्क ट्वेन यांच्या कूपरविषयक अभिप्रायाची मीमांसा

१

वाचकाचा अभिप्राय आणि समीक्षा यांच्यातील सीमारेषा सामान्यतः गृहीत धरली जाते. ती क्वचितच तपासली जाते. अभिप्राय हा वैयक्तिक, उत्स्फूर्त आणि समर्थनाच्या जबाबदारीतून मुक्त असतो, तर समीक्षा ही सार्वत्रिक निकषांवर उभी आणि संहितेला उत्तरदायी असते, असे या गृहीतकाचे स्वरूप असते. मात्र एखादा अभिप्राय समीक्षेचा वेष धारण करून अवतरतो, नियमांची यादी देतो, मोजमापे मांडतो आणि आपल्या वाङ्मयीन सामर्थ्याच्या बळावर मूळ कलाकृतीपेक्षाही दीर्घायुषी ठरतो, तेव्हा ही सीमारेषा कोठे आखावयाची हा प्रश्न निकडीचा होतो. जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) यांच्या साहसकादंबऱ्यांवर मार्क ट्वेन यांनी जुलै १८९५ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात लिहिलेला लेख हे याचे ठळक उदाहरण होय.

'द पाथफाइंडर' (१८४०) आणि 'द डियरस्लेअर' (१८४१) या दोन कादंबऱ्या ट्वेन यांच्या लेखाचा विषय आहेत. अद्भुतरम्य कथात्म साहित्याचे एकोणीस नियम असून 'द डियरस्लेअर'मध्ये त्यांपैकी अठरा मोडले गेले आहेत, असा त्यांचा आरोप आहे. एका पृष्ठाच्या दोन-तृतीयांश भागात कूपर यांनी संभाव्य ११५ अपराधांपैकी ११४ केले आहेत, असा हिशेबही ते मांडतात. हा हिशेब अर्थातच विनोदी आहे. तथापि विनोदाच्या आवरणाखाली मांडलेला दावा विनोदी नाही : कूपर यांच्यापाशी निरीक्षणशक्ती नाही, म्हणून त्यांची साहसे अशक्यप्राय आहेत आणि म्हणून त्यांच्या कादंबऱ्या कलाकृती या संज्ञेस पात्र नाहीत. या दाव्याचे परिणाम दूरगामी झाले. 'द डियरस्लेअर' कधीही न उघडलेल्या वाचकालाही तिच्यातील हास्यास्पदता ठाऊक असते, आणि ती ट्वेन यांच्यामार्फतच ठाऊक असते.

लेखाचा आरंभ ज्या मुद्द्याने होतो तो येथे विशेष महत्त्वाचा आहे. थॉमस लाउन्सबरी व ब्रँडर मॅथ्यूज हे दोन प्राध्यापक आणि कादंबरीकार विल्की कॉलिन्स यांचे कूपरविषयक गौरवोद्गार देऊन, या तिघांनी कूपर यांचे लेखन न वाचताच त्यावर मत द्यावे हे योग्य झाले नाही, असा टोला ट्वेन लगावतात. म्हणजे 'अभिप्राय देण्यापूर्वी संहिता वाचली पाहिजे' हा पहिला नियम ट्वेन यांनीच घालून दिला आहे. त्यांचा स्वतःचा अभिप्राय याच नियमाला लावून पाहणे त्यामुळे न्याय्य ठरते.

२

'द डियरस्लेअर'चे कथानक १७४० ते १७४५ या काळात ऑट्सीगो सरोवराच्या परिसरात घडते. या सरोवराकाठी कूपर यांच्या वडिलांनी १७८६ मध्ये कूपर्सटाउन ही वसाहत स्थापन केली होती आणि लेखकाचे बालपण तेथेच गेले. नॅटी बम्पो हा तरुण शिकारी आपला डेलावेअर मित्र चिंगाचगुक याच्या वाग्दत्त वधूच्या सुटकेसाठी तेथे येतो. सरोवरात बांधलेल्या घरात आणि 'आर्क' नावाच्या नौकेवर टॉम हटर हा वृद्ध आपल्या ज्यूडिथ आणि हेटी या मुलींसह राहतो. हटर आणि हॅरी मार्च हे दोघे गोरे पुरुष ह्यूरॉनांच्या तळावर रात्री चाल करून जातात ती स्वसंरक्षणासाठी नव्हे. वसाहतीचे शासन मूलनिवासींच्या शिरत्वचेसाठी इनाम देते आणि त्या इनामासाठी स्त्रिया व मुले यांच्याही शिरत्वचा काढण्याची त्यांची तयारी असते. पुढे हटर स्वतःच जिवंतपणी शिरत्वचा काढला जाऊन मरतो. कादंबरीच्या अखेरीस इंग्रज सैनिकांच्या संगिनी ह्यूरॉनांच्या तळावर चालतात, त्यात स्त्रिया व मुलेही सुटत नाहीत, आणि त्याच गोंधळात निष्पाप हेटी गोळी लागून मरते.

ट्वेन यांचे सर्वात गाजलेले विश्लेषण 'आर्क'वरील हल्ल्याच्या प्रसंगाचे आहे. सरोवरातून बाहेर पडणाऱ्या अरुंद प्रवाहावर एक झाड कमानीसारखे वाकलेले आहे, त्यावर सहा ह्यूरॉन दबा धरून बसले आहेत आणि नौका खालून जाताना तिच्यावर उडी घेण्याचा त्यांचा बेत आहे. नौका आधुनिक कालवानौकेएवढी असल्याचे कूपर सुचवतात. या सूचनेवरून ट्वेन तिची लांबी १४० फूट आणि रुंदी १६ फूट असल्याचा अंदाज करतात, तिच्यावरील घराची लांबी ९० फूट धरतात आणि नौकेचा वेग ताशी एक मैल. एवढे ९० फुटी घर खालून सरकण्यास एक मिनिट लागत असता ह्यूरॉनांच्या प्रमुखाची उडी चुकून तो नौकेच्या मागच्या टोकावर पडतो आणि बाकीचे पाच जण एकामागून एक पाण्यात जातात, हे चित्र ते रंगवतात. वाचक हसतो, आणि हसण्याच्या भरात एक गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते. लांबी-रुंदीचे आकडे कूपर यांचे नाहीत. ते अंदाज आहेत हे ट्वेन यांनीही प्रथम मोकळेपणाने म्हटले आहे. पण पुढच्याच परिच्छेदात अंदाजाचे रूपांतर वस्तुस्थितीत होते आणि त्या 'वस्तुस्थिती'च्या आधारे लेखकाला दोषी ठरवले जाते.

या अंदाजाची तपासणी करता येते. १८२५ मध्ये खुल्या झालेल्या ईरी कालव्यातील मूळ 'लॉक', म्हणजे नौकांची पातळी बदलणारे दारबंद कप्पे, ९० फूट लांब व १५ फूट रुंद होते. कालव्याच्या रुंदीकरणानंतरही ही लांबी ११० फुटांच्या आसपासच राहिली. १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेखक 'आधुनिक कालवानौका' म्हणतो तेव्हा त्याच्या व त्याच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर १४० फुटांची नौका असणे संभवत नाही. अशी नौका त्या कालव्यातून गेलीच नसती. ९० फुटांहून आखूड नौकेवरील घर, ट्वेन यांचेच प्रमाण मानले तर, ६० फुटांच्या आतच राहते. यामुळे प्रसंग पूर्णतः विश्वसनीय होतो असे नाही. ताशी एक मैल वेगाने ६० फूट सरकण्यासही चाळीस सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत सहा तरबेज योद्ध्यांनी चुकावे हे पटण्यास कठीणच आहे. परंतु चूक किती मोठी हे संहितेने ठरवलेले नाही. ते वाचकाने ठरवले आहे.

याहून गंभीर बाब वगळण्याची आहे. कूपर यांच्या संहितेत ह्यूरॉन योद्धा नौकेच्या टोकावर आदळून क्षणभर बधिर होतो, त्याच वेळी ज्यूडिथ घरातून धावत बाहेर येते आणि सर्व बळ एकवटून त्याला पाण्यात लोटून देते. या प्रसंगाचे कथानकातील प्रयोजन नेमके येथे आहे. ज्यूडिथ ही पुढे नॅटीला स्वतःहून विवाहाची मागणी घालणारी आणि नाकारली जाणारी स्त्री होय. तिचे धैर्य येथे प्रथम कृतीत प्रकटते. ट्वेन यांच्या कथनात ज्यूडिथ नाहीच. अंतरांचे गणित पूर्ण आहे, माणूस मात्र गळाला आहे. असाच प्रकार पाऊलखुणांच्या प्रसंगाबाबत घडतो. वाहत्या ओहोळाचा मार्ग वळवून तळातील पावलाचा ठसा शोधणारा चिंगाचगुक म्हणून ट्वेन ज्याची थट्टा करतात, तो 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मध्ये (१८२६) चिंगाचगुक नसून त्याचा मुलगा अंकस आहे. लान्स शॅक्टरली आणि केंट लुंगक्विस्ट या अभ्यासकांनी १९८८ मध्ये ट्वेन यांचा लेख कूपर यांच्या संहितेशी ताडून पाहिला आणि ट्वेन यांनी तिच्यात केलेले फेरफार दाखवून दिले. न वाचता मत देण्याचा जो आरोप ट्वेन इतरांवर करतात, तो त्यांच्यावर पूर्णांशाने लागू होत नाही. त्यांनी वाचले आहे, पण जे वाचले ते नव्याने रचून मग त्याला दोष दिला आहे.

३

हे दोष दाखवले म्हणजे ट्वेन यांचा अभिप्राय निकालात निघाला असे मानणे मात्र सोपे आणि चुकीचे ठरेल. त्यांच्या आक्षेपांत दोन भिन्न जातींचे आक्षेप मिसळलेले आहेत आणि त्यांचा निवाडा वेगवेगळा केला पाहिजे. यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एक विचार उपयोगी पडतो. 'अभिनवभारती'त अभिनवगुप्तांनी रसास्वादातील सात विघ्नांची चर्चा केली आहे. त्यांतील पहिले विघ्न 'संभावनाविरह' हे आहे : जे घडू शकेल असे वाटतच नाही त्यावर प्रेक्षकाचे चित्त स्थिर होऊ शकत नाही. 'प्रतीत्युपायवैकल्य' आणि 'स्फुटत्वाभाव' ही विघ्ने प्रतीतीच्या साधनांशी, म्हणजेच आविष्काराच्या माध्यमाशी निगडित आहेत. हे विवेचन नाट्याच्या संदर्भातील आहे आणि कादंबरीला ते लावताना तारतम्य राखणे आवश्यक आहे. तथापि ट्वेन यांच्या आक्षेपांचे वर्गीकरण त्यातून स्वच्छ होते.

कूपर यांच्या भाषेविषयीचे आक्षेप दुसऱ्या वर्गात पडतात. नॅटी एका प्रसंगी अशिक्षित रानवटाची बोली बोलतो आणि दुसऱ्या प्रसंगी अलंकृत ग्रंथिक भाषा. कूपर नेमक्या शब्दाऐवजी त्याच्या जवळपासचा शब्द वापरतात. ही निरीक्षणे संहितेत पडताळून पाहता येतात आणि बव्हंशी टिकतात. त्यांमागे एका कादंबरीकाराची प्रतिज्ञाही आहे. 'हकलबरी फिन'च्या (१८८४) प्रारंभी ट्वेन यांनी आपल्या पात्रांच्या विविध बोलींतील भेद जाणीवपूर्वक राखल्याचे नमूद केले होते. बोली ही पात्राच्या अंगावर चढवलेला पोशाख नसून त्याच्या जाणिवेचा आकार असते, हा त्या कादंबरीचा शोध होता. कूपरवरील टीका ही या अर्थाने ट्वेन यांच्या स्वतःच्या काव्यशास्त्राची मांडणी आहे आणि त्या मर्यादेत ती मौलिक आहे.

संभाव्यतेविषयीच्या आक्षेपांची गोष्ट वेगळी आहे. अलौकिक कृत्यांविषयी अभिनवगुप्त जे म्हणतात ते येथे अर्थपूर्ण ठरते. सामान्य माणसांच्या शक्तीबाहेरची कृत्ये दाखवावयाची असतील, तर त्यांचा नायक रामादींसारखा प्रख्यात असावा. कारण अखंड प्रसिद्धीमुळे प्रेक्षकाच्या मनात विश्वास आधीच खोलवर रुजलेला असतो. संभाव्यता ही केवळ घटनेचा गुणधर्म नाही, तर घटना, नायक आणि ग्राहक यांच्यातील पूर्वसंबंधाचा परिणाम आहे, असा याचा आशय होतो. अमेरिकेच्या नवजात कादंबरीपुढे असा प्रख्यात नायक नव्हता. कूपर यांना ती प्रसिद्धी स्वतःच निर्माण करावी लागली. 'द पायोनियर्स' (१८२३), 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६), 'द प्रेअरी' (१८२७), 'द पाथफाइंडर' (१८४०) आणि 'द डियरस्लेअर' (१८४१) अशा पाच कादंबऱ्यांतून नॅटी बम्पो उभा राहिला. नायकाच्या वार्धक्यापासून आरंभ करून, त्याचा मृत्यूही दाखवून झाल्यावर, अखेरच्या कादंबरीत कूपर त्याच्या तारुण्याकडे गेले. 'द डियरस्लेअर'च्या पहिल्या वाचकाला हा तरुण पुढे कोण होणार हे ठाऊक होते. त्याच्या बंदुकीच्या अचूकपणाची ख्याती अठरा वर्षे जुनी होती. 'द पाथफाइंडर'मध्ये शंभर यार्डांवरील खिळ्याच्या डोक्यावर गोळी बसते तेव्हा तो वाचक डोळ्यांची क्षमता मोजत नव्हता. तो एका प्रख्यात नायकाची ख्याती पुन्हा सिद्ध होताना पाहत होता.

ट्वेन हा पूर्वसंबंध जाणूनबुजून तोडतात. त्यांची दृष्टी १८५९ मध्ये परवाना मिळवलेल्या मिसिसिपीवरील नौकाचालकाची आहे. प्रवाहाची रुंदी, वळणे, नौकेचा वेग या गोष्टींवर ज्याची उपजीविका आणि प्रवाशांचे प्राण अवलंबून होते, त्याला त्या बाबतीतील ढिलाई असह्य व्हावी हे स्वाभाविक आहे. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे विघ्नाचे मूळ काही अंशी संहितेत आणि काही अंशी ग्राहकाच्या 'स्वगत' देशकालाच्या आवेशात आहे. ट्वेन मात्र दोन्हींचा भार संहितेवरच टाकतात.

४

असे असता ट्वेन यांनी एवढा आवेश का धरावा? केवळ कारागिरीच्या दोषांसाठी एवढी शस्त्रे परजली जात नाहीत. याचे उत्तर त्यांच्या अन्य लेखनात सापडते. 'लाइफ ऑन द मिसिसिपी'मध्ये (१८८३) त्यांनी वॉल्टर स्कॉट यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना दक्षिणेतील पोकळ सरदारी वृत्तीसाठी आणि काही अंशी यादवी युद्धासाठीही जबाबदार धरले. 'हकलबरी फिन'मध्ये नदीत फुटलेल्या जहाजाचे नावच 'वॉल्टर स्कॉट' आहे. त्याच कादंबरीच्या उत्तरार्धात, जिम हा गुलाम मालकिणीच्या मृत्युपत्राने आधीच मुक्त झाला आहे हे ठाऊक असूनही, पुस्तकांत वाचलेल्या सुटकांची नक्कल करण्यासाठी टॉम सॉयर त्याला कोठडीत ठेवतो. साहसकथांच्या वाचकाचे मनोरंजन दुसऱ्या माणसाच्या स्वातंत्र्याची किंमत देऊन साधले जाते, हा तेथील नैतिक निष्कर्ष आहे. साहसकथेविरुद्ध ट्वेन यांचा खरा खटला हा आहे, आणि तो गंभीर आहे.

खेदाची गोष्ट अशी की कूपरवरील लेखात ट्वेन हा खटला चालवतच नाहीत. तो चालवला असता तर त्यांना 'द डियरस्लेअर'मध्ये साक्षीदारही मिळाला असता आणि आरोपीही. शिरत्वचेचे इनाम, ते जाहीर करणारे शासन, ते मिळवू पाहणारा हटर आणि अखेरचा संगिनींचा नरसंहार यांतून कूपर साहसाच्या मुळाशी असलेला व्यापार उघड करतात. पहिल्यांदा माणूस मारावा लागल्यावर नॅटी त्या मरणाऱ्या शत्रूची शुश्रूषा करतो आणि 'हॉकआय' हे नाव त्याला त्या शत्रूकडूनच मिळते. पंधरा वर्षांनंतरच्या उपसंहारात नॅटी, चिंगाचगुक आणि बालक अंकस सरोवराशी परततात तेव्हा ज्या 'आर्क'ची लांबी ट्वेन मोजत होते तिचे केवळ भग्न अवशेष उरलेले असतात आणि त्यांवर ज्यूडिथची एक फीत फडफडत असते. साहसाचा शेवट विजयात नाही, रिक्ततेत आहे, हे सांगणारी ही कादंबरी आहे.

आरोपपत्राची बाजूही तितकीच सबळ आहे. कूपर यांचा मूलनिवासींविषयीचा तपशील मुख्यतः मोरेव्हियन धर्मप्रचारक जॉन हेकेवेल्डर यांच्या १८१९ च्या ग्रंथावर आधारित आहे. मोहिगन आणि मोहिकन या दोन भिन्न लोकसमूहांची नावे त्यांनी एकत्र केली. अंकस हे सतराव्या शतकातील एका मोहिगन प्रमुखाचे नाव होते. ज्यांना कादंबरीच्या शीर्षकाने 'अखेरचे' ठरवले त्या मोहिकनांचे वंशज स्टॉकब्रिज-मन्सी समुदाय म्हणून आज विस्कॉन्सिन राज्यात नांदत आहेत. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'नंतर चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मूलनिवासींना मिसिसिपीच्या पश्चिमेस हलवण्याचा कायदा झाला. नामशेष होत असलेल्यांचा उदात्त शोक आणि त्यांना हलवण्याचे राजकारण यांचे हे साहचर्य कूपरसमीक्षेला टाळता येत नाही.

ट्वेन यांना मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. कूपर यांचा 'इंडियन' आणि तंबाखूच्या दुकानापुढील लाकडी 'इंडियन' यांत फारसा फरक नाही, असे ते म्हणतात. हे वाक्य कूपर यांच्या निरीक्षणशून्यतेवर आहे असे भासते. परंतु निरीक्षणाचा दावा करणाऱ्या ट्वेन यांनी स्वतः 'द नोबल रेड मॅन' (१८७०) या लेखात आणि 'रफिंग इट'मधील (१८७२) गोशूट लोकांच्या वर्णनात मूलनिवासींविषयी जे लिहिले, त्यात तिरस्काराखेरीज फारसे काही नाही. आदर्शीकरणाला उत्तर म्हणून तेथे निरीक्षण येत नाही, विटंबना येते. झाडावरून पाण्यात पडणाऱ्या सहा ह्यूरॉनांवर वाचकाला हसवताना कूपर हास्यास्पद होतात की ह्यूरॉन, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे. वास्तववादाचा निकष नौकेच्या लांबीला लावला गेला. ज्यांची भूमी गेली त्या माणसांना तो लावला गेला नाही.

५

कूपर यांना अन्य वाचकही लाभले. मृत्यूच्या आठवडाभर आधी, १२ नोव्हेंबर १८२८ रोजी, संगीतकार फ्रान्झ शूबर्ट यांनी आपल्या मित्राला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात कूपर यांच्या चार कादंबऱ्या वाचून झाल्याचे कळवून आणखी पुस्तके मागवली होती. बाल्झाक यांनी १८४० मध्ये कूपर यांच्या निसर्गचित्रणाचा आणि नॅटीच्या व्यक्तिरेखेचा गौरव केला, पण विनोदी पात्रांविषयी नापसंतीही नोंदवली. डी. एच. लॉरेन्स यांनी १९२३ मध्ये, नायकाच्या वार्धक्याकडून तारुण्याकडे जाणाऱ्या या पाच कादंबऱ्यांच्या उलट्या क्रमातच अमेरिकेचे मिथक पाहिले आणि त्या मिथकामागील हिंसाही पाहिली. हे सर्व अभिप्रायच आहेत. प्रत्येकामागे वाचकाची विशिष्ट गरज उभी आहे. त्यांतील एकच खरा आणि बाकीचे खोटे असा निवाडा करणे समीक्षेचे कार्य नव्हे. पण म्हणून सर्व अभिप्राय सारख्याच मोलाचे असा सापेक्षतावादही स्वीकारता येत नाही.

अभिप्रायाचे मोल दोन गोष्टींवरून ठरवता येते. एक, तो संहितेतील किती घटकांचा उलगडा करतो आणि किती घटक वगळल्यावाचून त्याला उभे राहता येत नाही. दोन, जो निकष तो संहितेला लावतो तोच निकष स्वतःच्या वाचनाला लावण्यास तो तयार आहे काय. लॉरेन्स यांचे वाचन तपशिलांत स्वैर असूनही पाचही कादंबऱ्यांच्या क्रमाचा, नायकाच्या एकाकीपणाचा आणि हिंसेचा अर्थ लावू शकते. ट्वेन यांचे वाचन भाषेच्या पातळीवर अचूक आहे. कथानकाच्या पातळीवर मात्र ज्यूडिथला वगळल्यावाचून, अंकसच्या जागी त्याच्या पित्याला आणल्यावाचून आणि अंदाजाला मोजमाप म्हटल्यावाचून ते उभे राहत नाही.

ट्वेन यांचा लेख अभ्यासक्रमातून काढून टाकावा असा याचा अर्थ नाही. इंग्रजी गद्यातील उपहासाचा तो उत्कृष्ट नमुना आहे आणि वास्तववादाने अद्भुतरम्यतेशी कसा झगडा दिला याचा महत्त्वाचा दस्तऐवजही आहे. मात्र 'द डियरस्लेअर'चा परिचय म्हणून तो वाचला जाऊ नये. दोन्ही संहिता शेजारी ठेवून, आर्कचा प्रसंग आधी कूपर यांच्या शब्दांत आणि मग ट्वेन यांच्या शब्दांत वाचणे, हाच त्याचा योग्य उपयोग होय. असे वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याला कूपर यांचे दोष दिसतील, ट्वेन यांची प्रतिभा दिसेल, आणि त्या दोन कथनांच्या मध्ये हरवलेली ज्यूडिथही दिसेल.